‘इंग्रजी सुधारा’ म्हणजे नेमकं काय सुधारायचं?

पत्र थोडक्यात: वनस्पती रोगशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे. घरची शेती सोलापूर जिल्ह्यात, दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचे जिवाणू ताम्रयुक्त औषधांना कितपत दाद देतात, हा त्यांचा विषय. पहिला शोधनिबंध त्यांनी एका परदेशी नियतकालिकाकडे पाठवला आणि तो ‘परत आला’. एका परीक्षकाने लिहिलं, काम उपयुक्त आहे पण इंग्रजी समजायला कठीण जातं, मातृभाषा इंग्रजी असलेल्या कुणाकडून तपासून घ्या. दुसऱ्याने लिहिलं, निबंधाचा हेतूच स्पष्ट होत नाही. संपादकांनी ‘मेजर रिव्हिजन’ म्हणून 90 दिवसांची मुदत दिली आहे. गाईड म्हणतात, बाहेरून एडिट करून घे. एक एजन्सी भाषा सुधारून वर छापून आणण्याचीही हमी देते. प्रयोगशाळेतला मित्र म्हणतो, सगळं एआयला दे. त्या विचारतात: ‘मॅडम, मराठी माध्यमातल्या मुलीने मुळात या वाटेला जावं का? स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? की कसाबसा प्रबंध पूर्ण करून हे क्षेत्र सोडून देऊ?’

तुम्ही पत्रासोबत परीक्षकांचे अभिप्राय आणि निबंधाची पहिली चार पानं पाठवलीत हे फार बरं केलंत. त्यामुळे मला मोघम धीर देत बसण्यापेक्षा नेमकं बोलता येईल.

तुमचा निबंध नाकारला गेलेला नाही. ‘मेजर रिव्हिजन’चा अर्थ असा की हे काम संपादकांना विचारात घेण्याजोगं वाटतंय, फक्त आत्ताच्या रूपात ते छापता येणार नाही. नकोच असतं तर त्यांनी ‘रिजेक्ट’ लिहून विषय संपवला असता, परीक्षकांचे दीड-दीड पानांचे अभिप्राय जोडून तीन महिने दिले नसते. पहिलाच निबंध असेल आणि प्रयोगशाळेत हा अनुभव घेतलेलं कुणी वरिष्ठ नसेल, तर अशा पत्रातलं ‘मेजर’ एवढंच दिसतं. तुम्ही पूर्ण पत्रात तीनदा ‘परत आला’ असं लिहिलं आहे आणि ‘क्षेत्र सोडू का’ हा प्रश्न त्यातूनच आला आहे. म्हणून तो प्रश्न मी सध्या बाजूला ठेवते. त्याच्याकडे शेवटी येऊ.

तुमचा त्रास मात्र खरा आहे, आणि तो मोजलाही गेला आहे. तात्सुया अमानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेश, बोलिव्हिया, ब्रिटन, जपान, नेपाळ, नायजेरिया, स्पेन आणि युक्रेन या 8 देशांतल्या पर्यावरणशास्त्राच्या 908 संशोधकांची पाहणी केली. ती 2023 मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निबंध भाषेच्या कारणावरून नाकारले जाण्याचं प्रमाण इंग्रजी भाषकांच्या सुमारे अडीच पट निघालं. ‘इंग्रजी सुधारा’ असं सांगितलं जाण्याचं प्रमाण तर साडेबारा पट. वाचायला लागणारा जास्तीचा वेळ, लिहायला लागणारा जास्तीचा वेळ, परिषदेत बोलायची भीती, हे सगळं त्या पाहणीत आहे. रात्री जागून तुम्ही एकेक परिच्छेद सहा-सहा वेळा लिहिता आणि तरीही तो अवघडच वाटतो असं लिहिलंत. टोकियो आणि काठमांडूमधल्या प्रयोगशाळांतही तेच चाललेलं असतं. हा भार अन्याय्य आहे असं मला मनापासून वाटतं. तो संपादकांनी आणि विद्यापीठांनी वाटून घ्यायला हवा. तो एकट्या विद्यार्थिनीने उचलायचा आणि वर स्वतःलाच कमी समजायचं, हे मला मान्य नाही.

विज्ञानाची भाषा कायम इंग्रजीच होती असंही नाही. सत्येंद्रनाथ बोस यांनी 1924 मध्ये ढाक्याहून आइनस्टाइन यांना पाठवलेला निबंध इंग्रजीत होता. आइनस्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये अनुवादित करून जर्मन नियतकालिकात छापवला, कारण त्या काळी भौतिकशास्त्रातली मोठी चर्चा जर्मनमध्ये चालत होती. आपल्या इरावतीबाई कर्वे त्याच दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि मानवी कवटीच्या असमानतेवरचा प्रबंध त्यांनी जर्मनमध्ये लिहिला. भाषा शिकून घेतली, काम झालं, पुढे आयुष्यभर मराठी आणि इंग्रजीत लिहीत राहिल्या. कामासाठी लागते तेवढी परकी भाषा माणूस मोठेपणी शिकू शकतो, हे मला तुम्हाला सांगायचं आहे.

‘कामासाठी लागते तेवढी’ यावर जरा थांबते, कारण स्पोकन इंग्लिशच्या क्लासचा विचार इथेच चुकतो. अस्खलित बोलणं आणि शोधनिबंध लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानचे तोशिहिदे मास्कावा यांना 2008 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा त्यांनी स्टॉकहोममधलं व्याख्यान जपानीतून दिलं. इंग्रजी बोलता येत नाही हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ज्या कामासाठी हा सन्मान मिळाला, तो माकोतो कोबायाशी यांच्यासोबतचा 1973 चा निबंध मात्र इंग्रजीत आहे. जपानमधूनच निघणाऱ्या नियतकालिकात तो छापला गेला आणि तो अवघा 6 पानांचा आहे. क्लास लावायचाच असेल तर पुढे परिषदांसाठी, मुलाखतींसाठी लावा. या 90 दिवसांत त्याचा काही उपयोग नाही.

आता मूळ मुद्दा. परीक्षकाने ‘इंग्रजी समजत नाही’ लिहिलं आणि तुम्ही ते ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ असं वाचलंत. मी अनेक वर्षं निबंध तपासते आहे, त्यावरून सांगते: वाचताना आपण अडखळलो की परीक्षक चटकन भाषेकडे बोट दाखवतो. का अडखळलो हे शोधायला त्याला वेळ नसतो, आणि लेखकाचं नाव परक्या देशातलं दिसलं की तो निष्कर्ष आणखी लवकर निघतो. तुमच्या चार पानांत व्याकरणाच्या चुका आहेत, पण मी अडले ती त्या जागांवर नाही. मी अडले ती पहिल्या दोन पानांवर. डाळिंब मूळचं इराणकडचं, त्यात जीवनसत्त्वं कोणती, महाराष्ट्राचा उत्पादनात वाटा किती, मृग, हस्त आणि आंबे बहार म्हणजे काय, तेल्याचा जिवाणू कोणता, तो पावसाच्या थेंबांतून आणि रोगट रोपांतून कसा पसरतो. हे सगळं बरोबर आहे. पण तुम्ही काय शोधायला निघालात ते तिसऱ्या पानाच्या तळाशी, एका परिच्छेदाच्या मध्यावर येतं. दुसरा परीक्षक ‘हेतू स्पष्ट नाही’ म्हणतो आणि पहिला ‘इंग्रजी कठीण’ म्हणतो. माझ्या मते दोघं एकाच दुखण्याबद्दल बोलत आहेत.

हे दुखणं इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाकडून बरं होणार नाही. लंडनमध्ये जन्मलेला माणूस तुमची ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ नीट बसवेल, पण तुम्हाला काय म्हणायचं होतं ते त्याला कुठून ठाऊक असणार? ते तुम्हालाच ठाऊक आहे, आणि माझी खात्री आहे की ते तुम्हाला मराठीत उत्तम ठाऊक आहे.

म्हणून इंग्रजी फाइल बंद करा आणि भावाला फोन लावा. तो बाग सांभाळतो असं तुम्ही लिहिलं आहे. ‘तू नक्की काय शोधलंस?’ असं त्याने विचारलं तर तुम्ही काय सांगाल? तुमच्या पत्रावरून मला कळलं ते साधारण असं: तेल्यावर शेतकरी वर्षानुवर्षं ताम्रयुक्त औषधं फवारत आहेत. आपल्या भागातले जिवाणू त्याला अजून दाद देतात का, हे नीट तपासलेलं नव्हतं. आम्ही तीन तालुक्यांतल्या बागांमधून जिवाणू वेगळे केले आणि तांब्याचं प्रमाण वाढवत नेऊन ते कुठवर तग धरतात ते पाहिलं. जिथे वर्षाला जास्त फवारण्या झाल्या होत्या, तिथले जिवाणू जास्त तांबं सहन करत होते. तेव्हा त्याच औषधाच्या फवारण्या वाढवत नेण्याच्या सल्ल्याचा फेरविचार व्हायला हवा. पाच वाक्यं. पत्रात तुम्ही हे इतकं स्वच्छ लिहिलंत आणि निबंधात ते मला शोधावं लागलं.

ही पाच वाक्यं कागदावर आधी मराठीत लिहा, गाईडना दाखवा, त्यांचं आणि तुमचं एकमत होईपर्यंत खोडा. मग प्रत्येक वाक्याला निबंधात जागा द्या. पहिली दोन प्रस्तावनेत, तिसरं पद्धतीत, चौथं निष्पत्तीत, पाचवं चर्चेत. प्रस्तावनेतला जो परिच्छेद पहिल्या दोन वाक्यांकडे नेत नाही तो काढून टाका, जीवनसत्त्वं सगळ्यात आधी. वाईट वाटेल, कारण त्या परिच्छेदांवर तुमच्या रात्री गेल्या आहेत. तरी काढा. कमला सोहोनी यांचा केंब्रिजचा पीएच.डी.चा प्रबंध अवघा 40 पानांचा होता. लांबीने शास्त्रज्ञ मोठा ठरत नाही हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना कुणीतरी ठामपणे सांगायला हवं.

‘मग सगळा निबंधच मराठीत लिहून भाषांतर करू का?’ असं तुमच्यासारखे बरेच जण विचारतात. माझं मत, नको. विचार मराठीत ठरवा, पण वाक्यं थेट इंग्रजीत लिहा, अगदी आखूड लिहा. भाषांतर केलं की मराठीची वाक्यरचना मागच्या दाराने आत येते. मराठीत क्रियापद शेवटी असतं आणि त्याच्या आधी आपण कितीही विशेषणं रचत जातो. ‘गेल्या मृग बहारात तीन तालुक्यांमधल्या पाच वर्षांपेक्षा जुन्या बागांतल्या रोगट फळांवरून गोळा केलेले जिवाणू’ हे मराठी कानाला अजिबात जड वाटत नाही. इंग्रजी वाचक मात्र कर्ता दिसला की लगेच क्रियापद शोधतो. तुमच्या तिसऱ्या पानावरच्या एका वाक्यात कर्ता पहिल्या ओळीत आहे आणि क्रियापद चौथ्या ओळीच्या शेवटी. तिथपर्यंत पोचेस्तोवर तो कर्ता विसरलेला असतो. त्याची तीन वाक्यं करा. कर्ता आणि क्रियापद शेजारी ठेवा, बाकीचं मागून येऊ द्या.

आपल्या दुसऱ्या एका सवयीकडेही बघा. मराठीत आपण मोजमाप करतो, निरीक्षण करतो, विश्लेषण करतो. नाम पुढे आणि ‘करणे’ मागे. तेच इंग्रजीत उतरलं की ‘मेझरमेंट ऑफ ग्रोथ वॉज कॅरिड आउट’ तयार होतं. तिथे ‘वी मेझर्ड ग्रोथ’ पुरतं. ‘वी’ लिहायचं नसतं असं तुम्हाला कुणीतरी शिकवलं असेल, आपल्या विद्यापीठांत अजूनही शिकवतात. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा 1953 चा ‘नेचर’मधला निबंध ‘वी’ याच शब्दाने सुरू होतो, आणि तो एका पानाहून थोडासाच मोठा आहे. तुमच्या नियतकालिकाचे अलीकडचे अंक चाळा. तिथले लेखक ‘वी’ लिहीत असतील तर तुम्हीही बिनधास्त लिहा.

जोर कुठे द्यायचा, हा प्रश्नही इथलाच. मराठीत आपण ‘च’ लावतो, शब्द मागेपुढे करतो आणि जोर आपोआप कळतो. लिखित इंग्रजीत वाक्याचा शेवट ही जोराची जागा असते. वाचकाला जे आधीच माहीत आहे ते वाक्याच्या सुरुवातीला ठेवा, नवं आहे ते शेवटाकडे. मग पुढचं वाक्य त्या नव्या गोष्टीपासून सुरू करा. या एका सवयीने परिच्छेद जेवढा वाचनीय होतो तेवढा व्याकरणाची पुस्तकं पाठ करून होत नाही, हे मी विद्यार्थ्यांच्या मसुद्यांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

तुमच्या मसुद्यातली सगळ्यात मोठी अडचण शाळेतल्या निबंधाच्या संस्कारातून आली आहे. एकच शब्द पुन्हा वापरू नये, समानार्थी शब्द योजावेत, असं आपल्याला बाईंनी शिकवलं आणि ललित लेखनासाठी ते बरोबरच होतं. तुमच्या निबंधात तेल्या पहिल्या परिच्छेदात ‘बॅक्टेरियल ब्लाइट’ आहे, दुसऱ्यात ‘ऑइली स्पॉट’, तिसऱ्यात नुसता ‘द डिसीज’, आणि फळावरचा डाग कधी ‘लीजन’, कधी ‘स्पॉट’, तर एके ठिकाणी ‘इंज्युरी’. वाचणाऱ्याला वाटतं, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. शोधनिबंधात एका गोष्टीला एकच नाव, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. कंटाळवाणं वाटलं तरी चालेल. शब्दसंग्रह तोकडा असण्याची तुम्हाला लाज वाटते ना, या प्रकारच्या लेखनात तो तोकडा असणं सोयीचंच ठरतं.

आणि ‘प्रूव्ह्ड’ हा शब्द या चार पानांत ठिकठिकाणी आला आहे, तो निबंधभर काढा. ‘सिद्ध झाले’ असं आपण मराठीत सहज लिहितो. पण जास्त फवारलेल्या बागा जुन्याही असतील, तिथे रोपं वेगळ्या रोपवाटिकेतून आलेली असतील. फवारणीमुळेच जिवाणू तांबं सहन करू लागले हे तुमच्या प्रयोगाने सिद्ध होत नाही. दोन्ही गोष्टी सोबत आढळल्या एवढं दिसतं. तिथे ‘सजेस्ट’ किंवा ‘इज असोशिएटेड विथ’ लिहा. परीक्षकाच्या यादीतले दोन मुद्दे एवढ्याने निकालात निघतील. त्याने ते भाषेचे म्हणून लिहिले असले तरी मुळात ते शास्त्राचे आहेत.

‘अ’ आणि ‘द’ बद्दल तुम्ही अर्धं पान लिहिलंत, मी चार ओळींत उत्तर देते. मराठीत असे शब्द नाहीत, त्यामुळे ते आपल्याला आयुष्यभर थोडे चुकणार. अगदी शेवटी, बाकी सगळं झाल्यावर, एकदा फक्त त्यांच्यासाठी वाचन करा आणि उरलेल्या चुका दुसऱ्या कुणाला काढू द्या. त्यांच्यापायी कुठला चांगला निबंध पडलेला मी पाहिलेला नाही.

वाक्यांचे साचे मात्र जमवा. ज्या नियतकालिकाकडे निबंध पाठवायचा, त्यातले तुमच्या विषयाजवळचे आठ-दहा निबंध घ्या. आधीच्या कामातली उणीव लेखक कशी सांगतात, आपला निकाल दुसऱ्याच्या निकालाशी जुळत नाही तेव्हा काय म्हणतात, मर्यादा कशी मान्य करतात, ते वहीत उतरवा. ‘लिटल इज नोन अबाउट’ हा साचा आहे, त्यावर कुणाची मालकी नाही. पण त्यापुढे भरलेला मजकूर त्या लेखकाचा आहे, तो उचलायचा नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर दंड नाही, पण हा आकडा म्हणजे तेवढं उचलायची परवानगी असा समज करून घेऊ नका. साम्य कमी दिसावं म्हणून वाक्यं फिरवून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तर आसपासही जाऊ नका. 2021 मध्ये गिओम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा फिरवलेल्या शब्दप्रयोगांवरून संशयास्पद निबंध हुडकायला सुरुवात केली. ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी ‘बूझम पेरिल’ छापून आलं होतं. आता असे शब्दप्रयोग यंत्राने शोधले जातात, आणि त्यावर झालेला खुलासा नावाला कायमचा चिकटतो.

मदतीचे तीन मार्ग तुमच्यासमोर आहेत. एजन्सीला नाही म्हणा. निव्वळ भाषा तपासून देणाऱ्या सेवा प्रामाणिक असू शकतात आणि पैसे असतील तर त्या घेण्यात गैर काही नाही. केलेला प्रत्येक बदल दिसेल अशी फाइल मागा आणि एकेक बदल स्वतः मान्य करा, कारण तेल्या म्हणजे काय हे त्या संपादकाला माहीत नसतं आणि सुधारता सुधारता तो अर्थ बदलू शकतो. पण छापून आणण्याची हमी? परीक्षण खरोखर होत असेल तर ती कुणीच देऊ शकत नाही. जो देतो, त्याच्याकडे एक तर परीक्षण होत नाही किंवा तो खोटं बोलतो. यूजीसीने 2025 च्या फेब्रुवारीत मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केली, त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता विद्यापीठावर आणि तुमच्यावर जास्त आहे. पैशांआधी आणखी एक गोष्ट करा: तुमच्या विद्यापीठाचे सध्याचे नियम वाचा. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी निबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे ही सक्ती नाही. काही विद्यापीठं आपल्या पातळीवर ती ठेवतात. अट नसेल तर एजन्सीवाले ज्या घाईचा धाक दाखवतात ती घाई तुम्हाला नाहीच.

गाईडबद्दल स्पष्ट लिहिते. त्यांचं नाव या निबंधावर आहे. सहलेखक म्हणून नाव लावायचं तर मजकुराची चिकित्सा करून त्याला मान्यता देणं हे त्यांचंही काम आहे, वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने घातलेल्या अटींत ते स्पष्ट म्हटलेलं आहे. हे तुम्ही त्यांना ऐकवावं असं मी म्हणत नाही. आपल्याकडे विद्यार्थिनीला ते किती अवघड असतं याची मला पूर्ण कल्पना आहे. मागणी लहान करा. ‘सर, निबंध बघा’ असं म्हटलं की तो टेबलावर महिनाभर पडून राहतो. ‘सर, ही पाच मराठी वाक्यं आहेत, आपलं म्हणणं हेच ना?’ याला दहा मिनिटं लागतात. पुढच्या आठवड्यात फक्त निष्पत्तीचं एक पान न्या. व्यग्र माणसाकडूनही अशी मदत मिळते. ती खरंच मिळाली नाही तर विभागातल्या दुसऱ्या कुणाकडे जा. विकसनशील देशांतल्या संशोधकांना अनुभवी शास्त्रज्ञांशी मोफत जोडून देणारा ‘ऑथरएड’ हा उपक्रमही आहे, तिथे नाव नोंदवा.

एआयचा मार्ग मी बंद करत नाही. भाषेच्या भाराबद्दल वर जे लिहिलं, ते मनापासून लिहिलं असेल तर तो भार हलका करणाऱ्या साधनाला मी नाही कसं म्हणू? पण सगळा निबंध त्याच्या हवाली करू नका. आधी स्वतः लिहा. मग तुमचाच एक परिच्छेद द्या आणि विचारा, यात कुठे अर्थ लागत नाही? त्याने सुधारून दिलेलं तुमच्या मूळ मजकुराशेजारी ठेवून ओळीने तपासा: आकडे तेच आहेत का, ‘सजेस्ट’चं ‘डेमॉन्स्ट्रेट’ तर झालं नाही, वाढ आणि घट उलटी तर झाली नाही. संदर्भ त्याच्याकडून कधीही घेऊ नका, अस्तित्वात नसलेले निबंध तो आत्मविश्वासाने सांगतो. अप्रकाशित माहिती बाहेरच्या सेवेत टाकण्याआधी सहलेखकांना विचारा. आणि नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचा. एआय लेखक असू शकत नाही हे ‘नेचर’ने 2023 च्या जानेवारीत जाहीर केलं आणि बहुतेकांचं धोरण आता तेच आहे. भाषेपुरता वापर कुठे सांगावा लागतो, कुठे नाही. मी तुमच्या जागी असते तर सांगितला असता.

आता तो बाजूला ठेवलेला प्रश्न. क्षेत्र सोडायचं का? परीक्षकांचं पत्र आलं त्याच महिन्यात हे ठरवू नका. तुम्हाला बांधावर जाऊन शेतकऱ्यांशी बोलायला आवडतं असं पत्रात दोन ठिकाणी आलं आहे. उद्या कृषी विज्ञान केंद्रात काम करावंसं वाटलं तर तो उत्तम मार्ग आहे, तिथे तुमच्यासारख्या अभ्यासलेल्या माणसांची गरजही आहे. पण तो आवडीने निवडा. इंग्रजीच्या भीतीने तिकडे गेलात तर ती भीती सोबत येईल, कारण अहवाल तिथेही लिहावे लागतात. ‘मराठी माध्यमातल्या मुलीने’ असं म्हणताना तुम्ही एक गोष्ट हिशेबात धरलीच नाही. जुनी बाग कोणती, कुणी किती फवारण्या केल्या, कोण खरं सांगतंय आणि कोण लपवतंय, हे तुम्हाला शेतकऱ्यांनी सांगितलं ते मराठीत. तुमच्या निबंधातली सगळ्यात मोलाची माहिती, फवारण्यांच्या नोंदी, त्या भाषेतून आली आहे. ती दुसऱ्या कुणाला इतक्या सहज मिळाली नसती.

90 दिवसांपैकी पहिले दोन आठवडे पाच वाक्यांना आणि काटछाटीला द्या, त्याआधी एकही वाक्य ‘सुंदर’ करायला बसू नका. संपादकांना द्यायच्या उत्तरात परीक्षकांचा प्रत्येक मुद्दा उतरवून त्याखाली काय बदललं आणि कोणत्या पानावर, ते लिहा. इंग्रजीच्या मुद्द्यावर माफी मागू नका आणि नुसतं ‘भाषा सुधारली’ असंही लिहू नका. लिहा की प्रस्तावना नव्याने लिहिली, अभ्यासाचा हेतू तिच्या शेवटच्या परिच्छेदात स्वतंत्रपणे दिला, संज्ञा सर्वत्र एकसारख्या केल्या, कार्यकारणाचे दावे सौम्य केले, आणि मसुदा अमुक व्यक्तीकडून तपासून घेतला. त्या व्यक्तीचे आभार निबंधातही माना, तिची परवानगी घेऊन. परीक्षकाचं एखादं म्हणणं पटत नसेल तर कारण देऊन तसं नम्रपणे लिहा, तो तुमचा हक्क आहे. वेळ कमी पडतोय असं दिसलं तर मुदत संपायची वाट न पाहता आठ-दहा दिवस आधीच संपादकांना दोन ओळींची ई-मेल करून वाढवून मागा. बहुतेक वेळा मिळते.